देवरे सरांचं दुसरं घड्याळ

देवरे सरांना वेळ हवी असली की ते दोन माणसांना विचारत. पहिल्याने "सव्वा दहा" म्हटलं की मान डोलवायची, थोडं पुढं जायचं आणि दुसऱ्याला गाठायचं. दुसराही "सव्वा दहा" म्हणाला की सरांच्या कपाळावर आठी पडे. "तुम्ही तुमचं घड्याळ त्या गृहस्थांच्या घड्याळावरून लावलेलं नाही ना?" तो बिचारा सीबीएसच्या एसटी स्टँडवर सिन्नरची गाडी शोधत असायचा. तो कसनुसा हसून गर्दीत नाहीसा व्हायचा आणि सर आम्हा विद्यार्थ्यांकडे वळून म्हणायचे, "दोन घड्याळं एकमेकांवरून लावली असतील ना, तर ती दोन नसतात. ते एकच घड्याळ, दोन मनगटांवर."

स्वतः ते घड्याळ वापरत नसत. स्वतःच्या घड्याळावर माणसाचा जीव जडतो, मग ते चुकलं तरी माणूस सूर्यालाच दोष देतो, असं त्यांचं म्हणणं. मोबाईलवरच्या वेळेचा तर विषयच काढायचा नाही. "सगळे मोबाईल वेळ एकाच ठिकाणाहून उचलतात. म्हणजे आख्ख्या नाशकात घड्याळ एकच. ते चुकलं तर सांगणार कोण?"

सर इतिहासाचे. गाव सटाण्याकडचं. वर्गात त्यांची मराठी इस्त्री केलेली असे, पण संशय आला की आतून अहिराणी बाहेर पडे. "कोन सांगस?" म्हणजे, कोण सांगतो? हे दोन शब्द मी पीएच.डी.च्या वर्षांत इतक्या वेळा ऐकले, की पुढे पुढे आमच्या घरचा कुकर शिट्टी द्यायचा तरी मला तेच ऐकू यायचं.

पहिल्यांदा ऐकले ते माझे मार्गदर्शक व्हा, असं सांगायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा. मी चांगलाच उशिरा पोचलो होतो.

"उशीर का?"

"सर, रविवार कारंजावर ट्रॅफिक तुंबलं होतं."

"कोन सांगस?"

मी घाईघाईने फाईल पुढे केली. सरांनी ती बाजूला सारली. "कागदपत्रं नंतर. आधी बाही दाखव." मी बाही बघितली. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर मिसळीच्या तर्रीचा लालभडक डाग, अजून ओलाच. सरांनी तो चष्मा वर करून तपासला. मला वाटलं, संपलं. पण ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पहिल्याच भेटीत खोटं बोललास, आणि तेही पुरावा अंगावर घेऊन. म्हणजे तू धोकादायक नाहीस. ये सोमवारपासून."

असा माझा संशोधनक्षेत्रात प्रवेश झाला. त्याचं श्रेय मी आजही तर्रीला देतो.

सरांचा संशय सगळ्यांना सारखा मिळे. राजे, पेशवे, इंग्रज कलेक्टर आणि मेथीची जुडी विकणारी बाई, कोणालाही सूट नव्हती. "ताजी आहे" असं बाई म्हणाली की हे शेजारच्या बाईला विचारत, आणि "त्या तुमच्या नात्यातल्या का?" अशी वर चौकशी. विभागात सरांच्या गोष्टींना तोटा नव्हता, तरी मी त्यांत भर घातली. एकदा कॅन्टीनमध्ये वडापाव खाता खाता मी ठोकून दिलं, की सरांच्या लग्नात भटजींनी मुहूर्ताची वेळ सांगितली तेव्हा अंतरपाटाआडून सर म्हणाले, "थांबा. दुसरं पंचांग आणा." टेबल हसून आडवं झालं. गोष्ट संपूर्ण माझी होती, सरांच्या लग्नाच्या वेळी मी जन्मलोसुद्धा नव्हतो. पण ती विभागभर फिरली, आणि पुढे कुठे कुठे फिरली ते मला फार उशिरा कळलं.

माझा विषय होता गोदावरीचे पूर आणि घाटावर पोट असलेली माणसं. मौखिक इतिहास, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि त्यांवरून लिहायचं. विषय निवडण्यामागे विद्वत्ता नव्हती, स्वार्थ होता. आमचं घराणं पंचवटीतलं, फुलं विकणारं. माझे आजोबा, शंकर फडोळ, त्यांना सगळे दादा म्हणत. दादांच्या तरुणपणी जो मोठा पूर आला, त्यात पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं. नाशिककर पूर मोजतो तो या मारुतीवर. गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. त्या पुरात दादांनी हाराची सुतळी चार पदरी वळून कमरेला बांधली, उडी मारली आणि धर्मशाळेच्या सज्जात अडकलेले यात्रेकरू काढले. हे आमच्या घरचं वैभव. दर पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की माझे वडील, अण्णा, आम्हाला नदीवर नेऊन ही गोष्ट सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. प्रबंधाचं चौथं प्रकरण दादांवर असणार, हे मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी गल्लीला सांगितलं. गल्लीने पेढे मागितले आणि अण्णांनी ते दिलेही.

सरांनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. "सुतळीने? पुरात?"

"चार पदरी होती, सर."

"कोन सांगस?"

"अण्णा. माझे वडील."

"त्यांनी पाहिलं?"

"ते लहान होते. दादांकडून ऐकलेलं."

"म्हणजे पराक्रम दादांचा आणि साक्षीदारही दादाच." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "तीन माणसं शोध. त्या वेळी जिवंत असलेली, तिथं असलेली, आणि एकमेकांवरून घड्याळ न लावलेली. नाहीतर चौथं प्रकरण नाही."

मला राग आला, पण शोध घेतला. गणेशवाडीच्या फुलबाजारात अनुसयाबाई सापडल्या, दादांच्या शेजारी जन्मभर टोपली मांडून बसलेल्या. सायखेड्याला मुलाकडे राहायला गेलेला एक नावाडी सापडला. आणि रामकुंडावर पूजा सांगणारे एक वयोवृद्ध गुरुजी. तिघांनाही मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तिघंही म्हणाले, हो, उडी मारली. गुरुजी तर म्हणाले, "मी या डोळ्यांनी पाहिलं." मी प्रकरण लिहिलं, त्यात दोन ठिकाणी स्वतःच रडलो, आणि रेकॉर्डिंगसकट सरांना देऊन टाकलं.

त्यानंतर सर गप्प झाले.

आठवडे गेले. विचारलं की "बघतोय." पुन्हा विचारलं की "बघतोय म्हटलं ना." इथे प्रबंध सादर करायची मुदत जवळ येत चाललेली, तासिका तत्त्वावरची माझी नोकरी पीएच.डी.शिवाय कायम होणार नाही हे प्राचार्य येता-जाता ऐकवत होते, आणि सरांकडून शब्द नाही. मग माझ्या बरोबर संशोधन करणारी पल्लवी मदतीला आली. ती इगतपुरीची, विषय रेल्वे कामगारांच्या वसाहती, आणि स्वभावाने आगीत तेल.

"तुषार, गाईड गप्प झाला की काय समजायचं माहितेय ना?"

"काय?"

"की तो लिहायला बसलाय. तुझं."

"सर तसे नाहीत गं."

"कोन सांगस?" पल्लवी म्हणाली.

त्याच आठवड्यात सूचनाफलकावर एका चर्चासत्राची पत्रिका लागली. देवरे सरांचा निबंध : गोदावरीचे पूर, साक्ष आणि स्मृती. मी ती वाचली आणि माझ्या पोटात पाणी मारुतीच्या कमरेला लागलं. माझा विषय! माझ्या साक्षी! आता मला सगळं दिसायला लागलं. सर हल्ली बुधवारी लवकर का निघतात? दरवाजा अर्धाच का उघडतात? बोटांना पिवळं काय लागलेलं असतं? जन्मभर दुसऱ्यावर संशय घेणाऱ्या माणसावर संशय कोणीच घेत नाही. केवढी सोय! इतकी वर्षं त्यांनी शिकवलेली विद्या मी त्यांच्यावरच चालवायची ठरवली.

बुधवारी सरांची जुनी स्कूटर निघाली, तशी मागे माझी बाईक. स्कूटर गणेशवाडीत थांबली. मी ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट तसंच ठेवलं आणि झेंडूच्या ढिगाआड उभा राहिलो. समोर सर, माझ्या अनुसयाबाईंच्या शेजारी, पालथ्या क्रेटवर बसलेले. पुरावा हाती आला! पण मग नीट बघितलं तर सरांच्या हातात ना रेकॉर्डर, ना कागद. ते हार ओवत होते. अतिशय वाईट ओवत होते. अनुसयाबाई त्यांचा हार उसवून परत त्यांच्याच हातात देत होत्या, आणि दोघंही काही बोलत नव्हते.

इतक्यात अनुसयाबाईंची नजर माझ्याकडे गेली. "ओ मास्तर, त्यो हेल्मेटवाला बघा. कवाधरनं आपल्याकडंच बघून राह्यलाय. चोर हाय का काय?"

सरांनी मानसुद्धा वळवली नाही. "चोर नाही. पीएच.डी. करतोय."

हेल्मेट काढलं तेव्हा अख्खा फुलबाजार माझ्याकडे बघत होता. अजूनही तिथे मला काही जण हेल्मेटवाला म्हणतात.

सर मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. त्यांनी खिशातून फोन काढला, इअरफोन माझ्या कानात घातला आणि माझंच रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज. उत्साहाने ओथंबलेला. "आजी, मोठ्या पुरात शंकर फडोळांनी सुतळी कमरेला बांधून उडी मारली आणि यात्रेकरू वाचवले, ते तुम्ही बघितलं असेलच ना? केवढा पराक्रम होता नाही तो?" मग बराच वेळ बाजाराचा आवाज. मग अनुसयाबाईंचं, "व्हय बाबा." आणि लगेच पुन्हा मी, "बघा! सुतळी चार पदरी होती ना?" "आसंल बाबा."

"यात आजी किती बोलल्या?" सरांनी विचारलं.

मी इअरफोन काढून परत दिला.

"गुरुजी त्या पुरात नाशकात नव्हते. सासुरवाडीला गेले होते, इगतपुरीला. गाड्या बंद पडल्या म्हणून तिथंच अडकले. मी फक्त विचारलं, त्या वेळी घरी जेवायला काय होतं? तर म्हणाले, सासूबाईंनी रोज भातच घातला. नावाडीबुवांनी पूर पाहिला तो सायखेड्याचा. ते तेव्हाही तिथंच होते. तीन घड्याळं आणलीस, फडोळ. तिन्ही तूच लावलेली."

"आणि आजी?"

"त्यांना मी काही विचारलेलं नाही. हार ओवायला शिकवा म्हटलं. विचारलं की माणूस उत्तर देतो. शेजारी बसलं की बोलतो." त्यांनी पिवळी बोटं रुमालाला पुसली. "पुढं तू बस. तुझा हात तरी या कामाला बसलेला आहे. मला तर त्या कंटाळल्या आहेत."

मग मी धीर करून चर्चासत्राच्या निबंधाचं विचारलं. सर म्हणाले, ये ऐकायला. गेलो. निबंध होता, संशोधकाचा प्रश्नच साक्ष कशी बिघडवतो यावर. सरांनी उदाहरण दिलेल्या संशोधकाचं नाव घेतलं नाही. फक्त, "घराणं फुलांचं आणि ओढ मिसळीची" असं म्हणाले. पल्लवी शेजारी बसून ओढणी तोंडात कोंबत होती.

मी अनुसयाबाईंच्या शेजारी बसायला लागलो. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर जीभ चावून चावून सुजली असेल. पण हात हाराला लागले, आणि एके दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या आपल्याच नादात बोलायला लागल्या.

"भिका लय पव्हायचा. माझा भाऊ. मासा नुसता. त्या पुरात त्यानंच उडी घातली. नावंचा दोर कमरंला, आन दुसरं टोक तुज्या आज्याच्या हातात. शंकरला पव्हायला कुठं येत हुतं? त्यो पाण्याला भ्यायचा. पर दोर सोडला नाय त्यानं. भिकानं मान्सं आनली. परत गेला. परत आनली. मंग परत गेला..." हाराची गाठ मारून त्यांनी दातांनी दोरा तोडला. "दोर हलका झाला म्हनला शंकर. हलका झाला तरी वढतच राह्यला. मान्सांनी धरून मागं घेतला त्याला."

मी हार ओवायचा थांबलो होतो. "आजी, मग मी विचारलं तेव्हा हो का म्हणालात?"

"शंकरचा नातू तू. मोटारसायकल काढून आलास, तोंड एवढं फुललेलं. नाय कसं म्हनू?"

सरांकडे गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. सांगून झालं. मला वाटलं, आता तरी हा माणूस हलेल. सर म्हणाले, "बहीण आहे ती. भावाला मोठं करणारच. दुसरं घड्याळ?"

मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात प्रबंध घालावासा वाटला. पण तो लिहून झाला नव्हता.

"दादांच्या कमरेला वळ होता?" सरांनी विचारलं.

"काय?"

"दोर बांधून पुरात पोहलेल्या माणसाच्या कमरेला वळ राहतो. होता का?"

"कमरेला नव्हता. दादांना आंघोळ मीच घालायचो शेवटी. त्यांच्या तर तळहाताला..." आणि मी थांबलो. दादांच्या दोन्ही तळहातांवर आडवा, पांढरा, निबर पट्टा होता. लहानपणी ते मला घास भरवायचे तेव्हा तो माझ्या गालाला लागायचा. घरात सगळे म्हणायचे, पुराची खूण.

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "घरी जा. दादा स्वतः काय सांगायचे ते वडिलांना विचार. त्यांचे शब्द. तुझे घालू नकोस."

अण्णांना विचारणं हे सगळ्यात अवघड होतं. ते देवघरासमोर झेंडू निवडत बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे माझ्या बापाचं नाव तू पुसणार. गल्लीला पेढे वाटलेत मी."

"अण्णा, दादा काय म्हणायचे? नेमकं?"

"दादा कुठं बोलायचे? विचारलं की म्हणायचे, लोकं काढली. आणि हात चोळत बसायचे."

"मग उडी? सुतळी?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्याशी चेष्टा करतोय. "अरे, ती तर तूच घातलीस! शाळेत वक्तृत्व स्पर्धेत. माझे शूर आजोबा. पहिलं बक्षीस मिळालं तुला. किती छान बोललास, म्हणून मीही मग तशीच सांगायला लागलो."

म्हणजे मुळात पहिलं घड्याळही माझंच होतं. शाळेत लावलेलं, आणि त्यावरून अण्णांनी त्यांचं, आणि अण्णांवरून पुन्हा मी. देवरे सर ऐकून हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. "बक्षीस काय मिळालं होतं?" एवढंच विचारलं.

"कंपासपेटी."

"स्वस्तात गेला भिका," सर म्हणाले.

मी प्रकरण नव्याने लिहिलं. उडी भिकाची, दोर दादांचा. सरांच्या धाकाने वाक्य असं केलं, की उडी मारणारा तरुण बहुधा भिका होता. छापण्याआधी ते अनुसयाबाईंना वाचून दाखवलं.

"बहुधा म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... तसं वाटतं, असं."

"मला वाटत नाय बाबा," त्या फुलांवर पाणी शिंपडत म्हणाल्या. "मला ठाव हाय."

हे सरांना सांगितलं. त्यांच्या तोंडातून "कोन सांगस" येईल म्हणून मी थांबलो. आलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि ‘बहुधा’वर काट मारली. मग त्या काट मारलेल्या शब्दाकडे बघत बसले, आणि चडफडत म्हणाले, "खाली टीप घाल. साक्ष सख्ख्या बहिणीची आहे. वाचणाऱ्याला काय तो संशय घेऊ दे, आपण घेऊन झाला."

भीतीने खोटं बोलणारा साक्षीदार पकडता येतो, त्याचे डोळे फिरतात, असं सर नेहमी म्हणत. त्या दिवशी पुढचंही बोलले. "मायेनं खोटं बोलणारा पकडणं फार अवघड. त्याचे डोळे तुझ्यावरच असतात."

पदवी मिळाली. अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, तेव्हा छत्री घेऊन तेच आधी निघाले. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी गोष्ट सांगितली. भिकाची उडी सांगितली. दोराशी आले तेव्हा त्यांनी स्वतःचे दोन्ही तळहात उघडून बघितले, आणि पुढचं त्यांना सांगता आलं नाही.

सर निवृत्त झाले, आणि गेल्या थंडीत गेले. पल्लवीचा फोन आला. "तुषार, देवरे सर गेले." माझ्या तोंडून निघून गेलं, "कोन सांगस?" फोन दोघांनीही ठेवला नाही.

शोकसभेला हॉल भरला होता. भाषणं सगळी खाली मान घालून चाललेली. शेवटी विदर्भातल्या कुठल्याशा कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक उभे राहिले. पांढऱ्या मिशा, थरथरता आवाज. "देवरेंचा संशयी स्वभाव आजचा नाही," ते म्हणाले. "त्यांच्या लग्नाला मी होतो. भटजींनी मुहूर्त सांगितला, तर अंतरपाटाआडून हे म्हणतात, थांबा, दुसरं पंचांग आणा! मी या डोळ्यांनी पाहिलंय."

सगळा हॉल हसला. रडता रडता हसला. पल्लवीने माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की वळ उठला. माझ्या घशाशी ते दोन शब्द आले होते. इतक्यात पहिल्या रांगेतून सरांच्या बायकोने, काकूंनी, पदराने डोळे पुसत मान डोलावली. "हो ना. तसंच झालं होतं. दुसरं पंचांग येईपर्यंत मी हार धरून उभी."

खरंच झालं होतं? मी हवेत मारलेला दगड सरांच्या लग्नात जाऊन पडला होता? की... सभा संपल्यावर चहाचा कप घेऊन मी काकूंच्या शेजारी जाऊन बसलो. विचारायचं नाही, शेजारी बसायचं. तेवढं आता येत होतं.

काकूंनी चहाचा घोट घेतला. "तुझीच ना रे ती गोष्ट?"

मी कप खाली ठेवला.

"सरांना तेव्हाच कुणीतरी आणून दिली होती. घरी येऊन मला सांगितली आणि इतके हसले, की जेवण राहिलं. म्हणाले, फडोळ इतिहासात टिकायचा नाही, पण गोष्ट फक्कड जमवली पोरानं."

"मग काकू, तुम्ही हो का म्हणालात?"

काकू हॉलकडे बघत होत्या. पांढऱ्या मिशांचे प्राध्यापक चार जणांच्या घोळक्यात पुन्हा तेच पंचांग आणत होते.

"हे गेल्यापासून त्यांच्या नावानं कुणी हसलं नव्हतं रे. नाही कसं म्हणू?"

काकूंनी पदर सावरला. गावी, सटाण्याला जायला गाडी ठरवलेली होती.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मी मोबाईल बघून वेळ सांगितली. काकूंनी मान डोलावली, आणि पल्लवीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यात किती?"